साफ केलेला आवाज

ऐका ना, मध्ये बोलू नका हं कुणी, नाहीतर मला रडू येईल आणि सांगायचं राहूनच जाईल.

माझी मावशी. शिवणकाम करते ती. एका शिंप्याच्या दुकानात बावीस वर्षं होती, खिडकीजवळची तिसरी मशीन तिची. तर एक दिवस कोटाच्या कापडाचे दोन ताके गायब झाले आणि मालकाने सगळ्या बाजारात सांगितलं, बाईंनी नेले. झालं! मावशीचं काम गेलं. तीन दुकानांत विचारलं, तिन्हीकडे तेच, "जागा भरली हो." आणि पाटी बाहेर लटकतेय, कारागीर पाहिजे!

मग मावशीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. ती, जी रिक्षावाल्याशीसुद्धा भांडत नाही! मालक कोर्टात म्हणाला, हो, बोललो मी, आणि खरंच आहे ते. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, खोटं आहे हे त्याला माहीत होतं असं दाखवता आलं तरच काही होईल.

मग मी अक्कल पाजळली. म्हटलं, "मावशी, माझा फोन पिशवीत ठेव, रेकॉर्डिंग चालू कर आणि जा त्याच्याकडे. बोलतं कर."

"चोरून? चोर म्हणतात म्हणून आता चोरीच करू होय गं, टकळे?"

पण गेली. जिवावर आलं होतं तिच्या, तरी गेली. आली ती एकदम हलकी होऊन. "बोलले गं! म्हणाले, बाई, तुम्ही नाही नेलं, ठाऊक आहे मला. जावयाने उचललं. लेकीच्या संसाराकडे बघून त्याचं नाव कसं घेऊ?"

मी नाचलेच! फोन लावला कानाला. चहा घेणार का, गुडघा कसा आहे, आणि मग मालक म्हणतो, "बाई, तुम्ही..." आणि पुढे नुसतं खडखडखडखड! दोन मिनिटं!

"मावशी, हे काय?"

मावशी पांढरी पडली. "मी माझ्या जागेवर बसले होते. आमच्या दुकानात कुणाच्या घरातलं काही निघालं ना, की मशीन चालवायची, बाहेरच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये म्हणून. पाय आपोआप पडला गं."

म्हणजे बघा, त्याची अब्रू झाकली हिने! त्याची!

आता ऐका मी काय केलं. एक ॲप घेतलं आणि मशीनचा आवाज काढून टाकला. हळू का होईना, शब्द आले, "ठाऊक आहे मला," "जावयाने." मावशीने पाच वेळा ऐकलं. आणि मी, शहाणी, जुनी फाइल पुसून टाकली. म्हटलं, दोन-दोन कशाला, उगाच घोळ.

वकीलबाईंनी विचारलं होतं, "काही कापलं-जोडलं नाही ना?" मी म्हटलं, छे! खरंच वाटलं मला, कापलंय कुठे, धुतलंय फक्त. फोन माझा म्हणून, रेकॉर्डिंग जसंच्या तसं आहे अशा कागदावर सहीही मीच केली.

कोर्टात मला उभं केलं. चोरून केलंय यावर मालकाचा वकील फारसा अडला नाही. त्याच्या तज्ज्ञाने फाइल उघडून बघितली होती. वकील गोड बोलून विचारतो, "ताई, मूळ रेकॉर्डिंग कुठंय?"

"पुसलं."

"मग या यंत्राने आवाज साफ केला की शब्द तयार केले, हे कसं कळणार आम्हाला?"

न्यायाधीश म्हणाले, चोरून घेतलंय म्हणून मी नाकारत नाही, पण जसं झालं तसं माझ्यासमोर नाही, ते मी धरणार नाही. मूळ फाइल असती तर खडखडाटासकट ऐकली असती म्हणाले, तपासायलाही दिली असती. मालक खाली मान घालून बसला होता. शपथेवर विचारलं तर म्हणाला, असं काही बोललोच नाही.

दावा फेटाळला.

मावशी मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. बसमध्ये माझा हात धरून म्हणाली, "तुझी परीक्षा कधीय गं?"

आता घरीच शिवते. काल दोन मजले खालची बाई पडदे घेऊन आली, तर मावशीने तिला पूर्ण वेळ समोर बसवून ठेवलं. जायची घाई होती तिला, तरी. शिवून झाल्यावर एकूण एक चिंधी गोळा केली, अगदी बोटाएवढीसुद्धा, आणि पिशवीत घालून तिच्या हातात दिली.

"अहो, हा कचरा मला कशाला?"

"असू दे. बघून घ्या सगळं आहे का."

ती बाई गेली आणि पिशवी जिन्यातच ठेवून गेली. थोड्या वेळाने मावशीला दिसली. ती उचलून दोन मजले उतरली आणि त्यांच्या दाराच्या कडीला अडकवून आली.