चरवीत गेलेला चीक

मी कुंभारीच्या चन्नप्पाचा उंट बोलतोय. वय तीन वर्षं. तोंडाला मुसकी आहे, तरी बोलणार.

माझा जन्म वाटेवर झाला, कळप घेऊन हिंडणाऱ्या रबाऱ्यांच्या मुक्कामावर. पाय लटपटत होते. म्हाताऱ्या रबाऱ्याने मला लगेच आईच्या कासेला लावलं आणि पोटाखाली हात धरून ठेवला. पिवळा, घट्ट चीक पोटात गेला. मी जगलो. वाटलं, सगळे असंच करतात.

पुढे चन्नप्पाने आम्हाला विकत घेतलं. आई, मी आणि चिमी नावाची दुसरी उंटीण. गड्ड्याच्या जत्रेत आई पोरांना पाठीवर फिरवायची. चन्नप्पा वाईट माणूस नाही. जन्मभर म्हशी सांभाळलेला, उंटांचं त्याला काही ठाऊक नव्हतं.

जत्रा संपली आणि एका सकाळी आई व्याली. मला बहीण झाली. नुसते पायच पाय! चन्नप्पाची आई गोजरबाई चरवी घेऊन धावत आली.

"चन्नू, चीक काढ की समदा! उंटाचा खरवस कुणी खाल्लाय का आख्ख्या कुंभारीत?"

"आन् पिल्लू?"

"त्याला उद्या पाज. लई जड असतंय, हगवण लागंल."

मी ओरडलो. दावं ताणलं. "ह्यालाबी वाटीभर पायजे वाटतं," म्हणत दोघं हसली.

बहिणीला गूळपाणी पाजलं. खरवस खारट झाला. गोजरबाईने एक घास थुंकला आणि पातेलं उकिरड्यावर ओतलं. कुत्र्याने चाटूनपुसून खाल्लं. ते कुत्रं धडधाकट आहे.

तिसऱ्या दिवशी बहिणीला हगवण लागली. चौथ्या दिवशी डॉक्टर तेजश्रीबाई आल्या. त्यांनी तिची कातडी चिमटीत धरून सोडली, कातडीची घडी तशीच उभी राहिली; अंगातलं पाणी आटलं होतं. सलाईन लावता लावता विचारलं, "चीक कधी पाजला?"

"दुसऱ्या दिवशी, म्याडम."

"पहिल्या दोन-तीन तासांत पाजायचा असतो हो. त्यातच तिची सगळी ताकद होती."

गोजरबाई पदर चावत उभी राहिली.

दुपारी बहिणीची मान माझ्या पायावर होती. हळूहळू जड झाली. मी हललो नाही.

चन्नप्पा तिला ओढायला आला तेव्हा मी त्याचा दंड दातांत धरला. लवकर सोडला नाही. म्हणून ही मुसकी. मला वाईट वाटत नाही. थोडं वाटतं. पट्टी बांधलेल्या त्याच हाताने तो मुसकी सोडून मला पाला घालतो, आणि परत बांधतो.

आई अजून ती जागा हुंगते. चिमी या आठवड्यात व्याणार आहे. गोजरबाईने काल चरवी घासून उन्हात पालथी घातली. कशासाठी, कळलं नाही.

चन्नप्पा, माझा राग कर. ही मुसकी राहू दे. पण चिमीचं पिल्लू पडलं की आधी त्याला कासेला लाव. पाय लटपटतील त्याचे. पोटाखाली हात धर.