एकाच सालच्या

"आजी, जरा सरकता का? बसायला जागा होईल."

गौराबाई सरकली. जव्हारच्या त्या धर्मादाय दवाखान्यातल्या बाकड्यावर आधीच दाटी होती. शेजारी बसलेल्या बाईंचे केस काळेभोर होते, हातात साखरेच्या तपासणीचा कागद होता. गौराबाईला खोकल्याची उबळ आली तसा त्यांनी पदर नाकाला लावला. मग काय वाटलं कोण जाणे, पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली.

"घ्या आजी. सावकाश प्या."

गौराबाई वरूनच पाणी प्यायली. बाटली परत देताना तिनं बाईंकडे नीट पाहिलं. बोलताना त्यांचा डावा डोळा बारीक होत होता. असा डोळा तिनं जन्मात एकाच पोरीचा पाहिला होता.

"तू मंजू नाय? पोशेऱ्याच्या मास्तरांची?"

मंजुषा चमकली. जव्हारला शिक्षिका झाल्यापासून तिला मंजू म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

"मी गौरी. सोम्याची पोर. तुझ्या बापसाच्या शाळंत एका तरटावं बसायचो आपुन."

मंजुषा पाहतच राहिली. गाल आत गेलेले, दात मोजकेच, मनगटं काटकीसारखी. जांभळीवर सरसर चढून वरून ओच्यात जांभळं टाकणारी गौरी त्या चेहऱ्यात सापडेना.

"अगं, आणि मी तुला आजी म्हणाले!"

"मंग काय झाला? समदीच म्हनतात." गौराबाई हसली आणि हसता हसता पुन्हा खोकली.

"आपल्या वर्गातली फागी कशी आहे? आणि चिमी?"

"गेल्या. चिमीला लई सालं झाली. फागी औंदा शिमग्याआधी."

"कशानं गं?"

"म्हातारपनानं."

गौराबाईनं ते अगदी सहज सांगितलं. मंजुषाची तर नोकरी अजून चालू होती, तिच्या लेकीचं, हर्षदाचं, लग्न अजून व्हायचं होतं.

गौराबाईचा नंबर आला. सून पुष्पा तिला धरून आत घेऊन गेली. डॉक्टर तरुण होते. बाहेर नंबर देणाऱ्या माणसानं नुसत्या अंदाजानं चिठ्ठीवर सत्तर वय लिहिलं होतं. ते वाचून त्यांनी मान हलवली.

"खोकला कधीपासून?"

"मागल्या कितीक पावसाळ्यांपासून," पुष्पा म्हणाली. "रातचा ताप येतो. जेवन जात नाय."

"या वयात असं व्हायचंच. शक्तीच्या गोळ्या देतो. आराम करा, आजी."

पुष्पानं चिठ्ठी घेतली. गौराबाईही उठली. तिला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. याआधीच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं, आणि आरशात पाहिलं की तिलाही ते पटत होतं.

"डॉक्टर, ती सत्तरची नाही."

दारात मंजुषा उभी होती. "आम्ही एका वर्गात होतो. एकाच साली जन्मलो. त्रेपन्न वय आहे तिचं."

डॉक्टरांनी एकदा मंजुषाकडे पाहिलं, एकदा गौराबाईकडे. त्या नजरेखाली मंजुषाला आपल्या रंगवलेल्या केसांची उगाचच लाज वाटली. डॉक्टरांनी पुष्पाच्या हातातली चिठ्ठी परत घेतली.

"बसा, आजी," ते म्हणाले, आणि थांबून पुन्हा म्हणाले, "बसा, बाई."

मग त्यांनी तिची छाती ऐकली, पाठ ऐकली. वजन करायला लावलं. थुंकी तपासायला पाठवली, छातीचा फोटो काढायला सांगितला.

टीबी निघाला. डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. उजवीकडे सगळं पांढुरकं दिसत होतं.

"गोळ्या नेमानं घेतल्या तर बऱ्या व्हाल. पण हे फुफ्फुस फार खराब झालंय, ते पूर्वीसारखं होणार नाही. आधी यायला हवं होतं."

"आले व्हते ना," गौराबाई म्हणाली. "म्हातारपन हाय म्हनले."

गोळ्या कशा घ्यायच्या ते डॉक्टरांनी पुष्पाला दोनदा समजावून सांगितलं.

उपचाराचे पहिले काही दिवस मंजुषानं तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. सकाळी मंजुषा बूट घालून निघाली तेव्हा गौराबाई पायरीवर उन्हाला बसली होती.

"कुठं चाललीस?"

"चालायला."

"ते दिसला. पन कुठं?"

"कुठं नाही गं. नुसतंच. चाललं की प्रकृती चांगली राहते, डॉक्टर म्हणतात."

गौराबाई विचारात पडली. दरीतून हंडे आणताना, लाकडाची मोळी वाहताना, भिवंडीकडच्या भट्टीवर पोटुशी असताना डोक्यावर विटा घेऊन ती चाललीच होती. त्यानं प्रकृती चांगली राहते असं कोणी म्हटलं नव्हतं.

"मंजू, माना एक सांग," ती म्हणाली. "मी म्हातारी झाले कधी?"

मंजुषा बुटाची नाडी सोडून गौराबाईच्या शेजारी पायरीवर बसली. त्या दिवशी ती चालायला गेली नाही.

पोशेऱ्याला परतल्यावर गौराबाई अंगणवाडीच्या ताईसमोर बसून दिवसाआड गोळ्या घेऊ लागली. गोळ्यांनी मळमळायचं, पोट जळायचं. ताप गेला, खोकला थांबला, गालांवर थोडं मांस आलं. दम मात्र परत आला नाही. विहिरीची चढण तिच्यासाठी बंद झाली ती झालीच.

दुसऱ्या वर्षी भाताच्या आवणीला मुलगा देवानंद म्हणाला, "आयस, तू घरीच ऱ्हा." ती इरलं पाठीवर घेऊन थांबत थांबत खाचरापर्यंत गेली आणि बांधावर बसली. बायका ओळीनं वाकून, मागं मागं सरकत चिखलात रोपं लावत होत्या. बराच वेळ ती बघत राहिली. मग उठली, रोपांची एक मूठ घेतली आणि ओळीच्या कडेला, पुष्पाशेजारी जाऊन उभी राहिली.

"आती, नको," पुष्पा पुटपुटली.

गौराबाई वाकली. चार रोपं लावून गुडघ्यावर हात टेकायची, श्वास घ्यायची, पुन्हा वाकायची. ओळीतल्या बायका तिला सोडून लांब जाऊ लागल्या. मग पुष्पाचा हात मंदावला, तिच्या पलीकडचीचा मंदावला, तिच्या पलीकडचीचाही. सगळी ओळ गौराबाईच्या श्वासानं हळूहळू मागं सरकत राहिली.