तिरके तुकडे

तोस्काच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली, तेव्हा तिच्या शेजारी देआना उभी होती. मशीन बंद करणारी तीच. बोलोन्यातल्या त्या सिगारेट कारखान्यात दोघी एकाच आठवड्यात लागलेल्या. एकीच्या डब्यातला मोर्तादेल्ला सॉसेजचा काप दुसरीच्या पावात जायचा, इतकी जवळीक.

दोष मशीनचा होता. सिगारेटच्या टोकाला लावायचे फिल्टरचे तुकडे वरच्या हॉपरच्या नरसाळ्यातून खाली ओघळत आणि फिरत्या ड्रमच्या खाचांत एकेक करून बसत. निदान तसं बसायला हवं होतं. पण मधेच एखादा आडवा व्हायचा, त्याच्यावर दुसरा अडायचा आणि तोंड तुंबायचं. मशीन थांबवलं तर फोरमन बेर्तोक्की अंगावर यायचा. म्हणून बाया चालत्या मशीनमध्ये बोट घालून तुकडा सरळ करत. सगळ्याच करत.

त्या रात्री देआनाने नवऱ्याला जेवू दिलं नाही.

एर्मेस शहरातल्याच एका कंपनीत फिटर होता. अशी मशीनं तिथेच बनत. "तुमची ती मशीनं माणसं खातात," ती म्हणाली. "तू कसा रे निवांत सूप पितोस?"

"मी काय मालक आहे?"

"हात तर आहेत ना तुला? दहाच्या दहा बोटं शाबूत!"

एर्मेसने चमचा खाली ठेवला. "मला नीट दाखव, अडतं कुठे?"

देआनाने बारीक मॅकरोनीचा पुडा टेबलावर ओतला, लाटणं ड्रमसारखं आडवं धरलं आणि मॅकरोनी त्याच्यावरून सोडली. एक नळी तिरकी झाली. तिने अंगठ्याने ती उलट्या दिशेला, मागच्या ढिगात लोटली. "बघ, आम्ही हेच करतो. तिरका आला की मागे ढकलायचा. पुढच्या खेपेला सरळ येतो."

एर्मेस तिच्या अंगठ्याकडे बघत राहिला. सूप गार झालं.

त्याला वर्ष लागलं. ड्रमच्या खाचांना भोकं पाडून आतून हवा ओढली, म्हणजे सरळ बसलेला तुकडा खाचेला चिकटून राही. वर एक बारीक रोलर उलटा फिरे आणि तिरक्या तुकड्याला मागे उडवून लावी. अंगठ्याचं काम रोलर करू लागला. देआनाने ही बातमी सगळ्यात आधी तोस्काला दिली. तोस्काने तिला मिठी मारली. "बाई गं, तुझा अंगठा लोखंडाचा झाला! थोडं आधी सुचलं असतं, तर माझं अंगठीचं बोट तरी वाचलं असतं. आता नवरा मिळाला तरी अंगठी घालू कुठे?" दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

वसंतात नवी मशीनं बसली. बाया हात बांधून बघत राहिल्या. तुकडे सैनिकांसारखे रांगेत चालले होते. दुपारपर्यंत एकदाही अडलं नाही. बेर्तोक्कीसुद्धा शीळ घालत होता.

इस्टरनंतर त्याने बायांना बोलावलं. एका मशीनला तीन बाया होत्या, आता दोन मशीनांना एक पुरे. बाकीच्यांची बदली दूर पो नदीपल्याडच्या तंबाखूच्या गोदामात. तोस्काचं नाव पहिलं. "तुझा हात आता नाजूक कामाचा राहिला नाही," बेर्तोक्की म्हणाला. देआनाला मात्र ठेवलं. नव्या मशीनची जाण तिला जास्त, असं त्याचं म्हणणं.

तोस्काची आई अंथरुणाला खिळलेली. रोज नदीपल्याड जाऊन येणं शक्यच नव्हतं. तिने नोकरी सोडली. कारखान्यातलं कपाट रिकामं करत होती तेव्हा देआना जवळ गेली.

"तोस्का, देवाशपथ, मला हे ठाऊक असतं तर..."

"तर काय केलं असतंस? माझी बाकीची बोटं जाऊ दिली असतीस?" तोस्का सगळ्यांसमोर म्हणाली. "बोटं वाचवलीस गं बाई. आता त्या बोटांना काम तेवढं शोधून दे."

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत देआनाच्या बाकावर कुणी बसेना.

शरदात एर्मेसच्या कंपनीने त्याला मेजवानी दिली. तोर्तेल्लिनी पास्ता, लाम्ब्रुस्को वाइन, मालकाच्या हातून सोन्याचं घड्याळ. मालकाने विचारलं, "एर्मेस, सुचलं कसं हो तुम्हाला?"

एर्मेसने एकवार बायकोकडे पाहिलं. "असंच. जेवताना."

टाळ्या पडल्या. देआनानेही वाजवल्या.

घरी येताना ती म्हणाली, "माझं नाव घेतलं नाहीस."

"हॉलमध्ये तुमच्या कारखान्याचे साहेब होते. उद्या सगळा कारखाना म्हणाला असता, हिनेच आम्हाला घालवलं."

"म्हणतातच की."

"मग मी काय करायला हवं होतं, सांग."

त्याने वाईट काही केलं नव्हतं. तिनेही नाही. तेच तर गिळवत नव्हतं.

तोस्का पुढे इस्पितळात जिने पुसायला लागली. एकदा बाजारात दोघी समोरासमोर आल्या. देआनाने हाक मारली, तर तोस्काने लोणी विकणाऱ्याला भाव विचारला आणि उत्तर न ऐकताच पुढे गेली.

देआना निवृत्त होईपर्यंत त्याच दोन मशीनांपाशी राहिली. दिवसभर करण्यासारखं फारसं काही नसे.