मधली तुकडी

आमच्या ह्यांना, म्हणजे आत्मारामना, लकवा मारला त्याला आठ महिने झाले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ठसका लागेल म्हणून डॉक्टरांनी फक्त पेज द्यायला सांगितली. मुलगी अक्षया मुंबईला. ती यायची नाही, पण रोज सकाळी मोबाईलवर फुलांचं चित्र धाडायची आणि खाली लिहायची, 'आई, नजर बदल. आयुष्य किती श्रीमंत आहे ते दिसेल.'

आधी माझं डोकं फिरायचं. मग म्हटलं, बघू तरी बदलून.

आणि खरंच दिसायला लागलं. पडवीतली आरामखुर्ची रिकामी होती. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण त्या खुर्चीत मी कधी टेकले नव्हते. तिथे बसलं की माडांमधून समुद्राची पट्टी दिसते, हे मला साठीला आल्यावर कळलं. रिमोट माझ्या हातात आला. आणि मिरकरवाड्याच्या बंदरावरून आणलेल्या सुरमईची मधली तुकडी माझ्या ताटात आली. आमच्या घरात ती ह्यांची. शेपटी माझी. कधी तोंड वाकडं केलंच तर हे म्हणायचे, "शेपटीतच खरी चव असते गो. खाणाऱ्याला कळायला हवी."

आता मी ह्यांच्या खाटेसमोरच जेवायला बसायची. आधी त्यांना पेज भरवायची, मग आपलं ताट घ्यायची. तुकडी सावकाश सोडवायची. हे डोळे मिटून घ्यायचे, पण वास कुठे मिटता येतो? मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

काल डॉक्टर घरी आले. म्हणाले, "काकू, गिळणं सुधारलंय. आता मऊ भात द्या, मासा कुस्करून द्या." ह्यांनी ते ऐकलं. डाव्या हाताने गादीवर थापा मारू लागले.

आज मी सकाळीच बंदरावर गेले. आमची नेहमीची मासेवाली जनी बातमी ऐकून हरखली. मोठी सुरमई निवडत म्हणाली, "सगुणाकाकी, मधली तुकडी वाढा हां काकांना!"

"वाढते तर," मी म्हटलं.

दुपारी कालवण केलं. ह्यांना उशीला टेकवून बसवलं. मधली तुकडी माझ्या ताटात घेतली. त्यांच्या भातात शेपटी कुस्करली. काटे मात्र एकूण एक काढले, तेवढी मी वाईट नाही. पहिला घास तोंडाजवळ नेला आणि म्हटलं, "शेपटी आहे हो. खरी चव हिच्यातच असते ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या ताटाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

वाटलं होतं, रडतील. थुंकतील तरी. पण ते मिटक्या मारत खाऊ लागले. डोळे भरून आले होते, पण ते सुखाने. ओठाला लागलेलं कालवणसुद्धा त्यांनी जिभेने पुसून घेतलं आणि पुन्हा तोंड उघडलं. शेपटीला इतकी चव मला अडतीस वर्षांत एकदाही लागली नव्हती.

ते माझ्याने बघवेना. मी वाटी बाजूला ठेवली.

उद्यापासून पुन्हा पेज.