पहिली टोपली कुणाला?

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. ‘वर्गातून एकही वस्तू तयार झालेली नाही, सबब वर्ग बंद करावा,’ असं खरडून तुम्ही खाली सही ठोकलीत. ती ठोकताना एक वस्तू तुमच्या मांडीवर होती! ती काय आभाळातून पडली? आता जरा गुमान बसा आणि काय घडलं ते ऐका.

तुम्ही तपासलीत त्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी आपल्या आत्याला शिकवायला आणलं. आत्या इथल्या मूळच्या लोकांतली. तुमची कचेरी नव्हती, कचेरीकडे जाणारा रस्ताही नव्हता, तेव्हापासून हे लोक नदीकाठी उगवणाऱ्या बोरूच्या काड्यांच्या टोपल्या विणतात. विणणारे हात मात्र आता दोनच उरलेत, आणि ते दोन्ही आत्याचे. मुलगा परगावी गेला. सून म्हणते, प्लॅस्टिकची बादली काय वाईट? म्हणून भाचीनं वर्षभराचा वर्ग मागितला. वरून उत्तर आलं, आधी थोडे दिवस चालवून दाखवा, साहेब तपासायला येतील, ते हो म्हणाले तर वर्षभर. तेवढ्या बोलीवर आत्यानं आपल्या कोंबड्या शेजारणीच्या गळ्यात मारल्या, बोरूचे भारे बांधले आणि भाचीकडे मुक्काम ठोकला.

“माझ्यामागं एकानं जरी टोपलीचा काठ वळवला ना,” ती भाचीला म्हणाली, “तरी मी सुखानं मरेन. तशी घाई नाही म्हणा मला.”

वर्ग भरायचा प्रयोगशाळेत, कारण बोरू भिजवायला बेसिनं तिथंच. पहिल्याच दिवशी आत्यानं तोटी सोडली आणि गप्पांत रंगली. पाणी जमिनीवर आलं, दाराबाहेर गेलं, जिन्यानं खाली उतरलं, आणि त्याच्यामागून सगळी पोरं बुडावर घसरत खाली आली. खाली कवायतीचे सर उभे होते. कायम तोंडात शिट्टी, म्हणून त्यांचं नाव शिट्टीसर. त्यांनी शिट्टी फुंकायला दम भरला आणि तेही घसरले. शिट्टी वाजली, पण पार व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला.

तिथून पुढं त्या वर्गाला कुणी आवरू शकलं नाही. बोरूच्या काड्या नाकात गेल्या, केसांत अडकल्या. एकाची टोपली विणता विणता शेजाऱ्याच्या टोपलीत शिरली आणि दोघांना मधली सुट्टी एकमेकांना जोडून काढावी लागली. आत्याची जीभ कात्रीहून धारदार.

“ही टोपली आहे, की हिच्यावर कुणी बसलं होतं?”

“मीच बसले होते, आत्या,” चिमटी म्हणाली. वर्गातली सगळ्यात बारकी आणि सगळ्यात आगाऊ पोरगी ती.

“मग बरोबर आहे. बूड झकास उमटलंय.”

तपासणीच्या आदल्या दिवशी सगळ्यांचे काठ वळवून झाले. मुख्याध्यापकांनी काचेचं कपाट पुसून ठेवलं होतं. त्यात टोपल्या मांडायच्या, साहेबांना दाखवायच्या. इकडं प्रयोगशाळेत आत्या टेबलावर चढून बसली.

“आता शेवटचा धडा. तो नसेल तर टोपली अर्धीच. पहिली टोपली घरी न्यायची नाही. ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते, त्याला नेऊन द्यायची. डोळ्यांत बघून द्यायची. हसू आलं तर येऊ द्यायचं.”

“का पण?”

“भीतीच्या हातात काहीतरी द्यावं, बाळा. हात गुंतले की ती मारत नाही. आणि ज्याला मिळाली, त्यानं ती रिकामी परत करायची नाही. काहीतरी घालूनच धाडायची. जा, पळा!”

पोरं सुटली ती दावं तोडलेल्या वासरांसारखी. शिट्टीसरांसमोर तर रांग लागली. दोन्ही हात भरले, काखा भरल्या, एकीनं त्यांच्या डोक्यावर ठेवली. आधी त्यांची छाती फुगली, मग कुठंतरी डोक्यात प्रकाश पडला आणि ते बाकावर बसले. “एवढा वाईट आहे मी?” त्यांनी विचारलं. “एवढे नाही सर, पण आहात,” एक मुलगा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. रस्त्यापलीकडच्या दातांच्या डॉक्टरला टोपली मिळाली, तेव्हा खुर्चीतला रोगी तोंड वासून बघत राहिला. त्याला दुसरा इलाजही नव्हता. एकानं आपल्या थोरल्या बहिणीला दिली. चिमटीनं आपली बसकी टोपली फाटकावरच्या कुत्र्याला दिली, डोळ्यांत बघून.

हा धडा कानावर येताच मुख्याध्यापक आपल्या खोलीत दार उघडं टाकून, कॉलर सारखी करून बसले होते. अख्खी शाळा आपल्याला टरकते अशी त्यांची पक्की समजूत. त्यांनी टेबल रिकामं केलं, टोपल्या ठेवायला. कुणी आलं नाही. शेवटी तेच बाहेर आले.

“कुणी... माझ्याकडे येणार होतं का?”

“नाही सर,” चिमटी म्हणाली. “तुम्ही ओरडलात की तुम्हालाच ठसका लागतो. आम्हाला तुमची काळजी वाटते.”

मग त्यांना कपाट आठवलं. “अरे, उद्या साहेब! टोपल्या परत मागवा!”

“दिलेली टोपली परत मागणारा आमच्यात अजून जन्मला नाही,” आत्या म्हणाली.

भाचीनं कपाळावर हात मारला. “आत्या, हे आधी सांगायचं नाही? कपाट रिकामं दिसलं तर वर्ग गेलाच!”

“टोपली विणायची आणि द्यायची नाही? म्हणजे रांधायचं आणि न वाढता भांडी घासायची!” असं म्हणाली खरी, पण आत्याचं तोंड उतरलं. कोंबड्या आठवल्या असतील, की आपल्यामागं बोरू धरायला कुणी उरणार नाही हे, कोण जाणे. ती भिजलेल्या बोरूकडे बघत राहिली.

तेव्हा मुख्याध्यापकांनी बाह्या वर सारल्या. “एक मी करतो. निदान एक तरी ठेवू.”

काय सांगू साहेब, असं विणकाम पृथ्वीवर झालेलं नाही. मुख्याध्यापक जमिनीवर, काडी दातांत, भोवती सगळी पोरं एकाच वेळी शिकवताहेत. “सर, वरून! आता खालून! अहो सर, ती तुमची टाय आहे!” टाय आत विणली गेलीच. ती कापून टोपली बाहेर काढली, तेव्हा आत्या हसून हसून भिंतीला टेकली. पोरं शिकवताहेत, हे तिनं पाहिलं होतं. तिला पाहिजे होतं ते हेच.

पण ही मुख्याध्यापकांची पहिली टोपली. आणि पहिली टोपली कपाटात जात नाही. कुणी त्यांना आठवण करून दिली नाही. त्यांचं त्यांनाच आठवलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. रिकाम्या कपाटासमोर उभे राहिलात. भाचीनं सगळं समजावून सांगितलं, तर म्हणालात, “देऊन टाकलेली वस्तू हिशेबात धरता येत नाही.” मग मुख्याध्यापक पुढं झाले. हातातल्या टोपलीतून निळ्या टायचं टोक लोंबत होतं. त्यांनी तुमच्या डोळ्यांत बघितलं.

“साहेब, ही माझी पहिली. मला सगळ्यात जास्त तुमची भीती वाटते.”

आणि त्यांना हसू फुटलं. पोरांनी असा जल्लोष केला की खिडक्यांच्या काचा वाजल्या. तुम्ही कानापर्यंत लाल झालात, टोपली मांडीवर घेऊन बसलात, लिहायचं ते लिहिलंत, आणि टोपली घेऊन गेलात.

आता इकडचं ऐका. टोपल्या परत येताहेत. डॉक्टरनं नवा ब्रश घालून धाडली. थोरल्या बहिणीनं आपली लाडकी रिबीन घातली. शिट्टीसर प्रत्येकाच्या घरी स्वतः गेले, टोपलीत पेरू आणि तोंडात माफी. एका टोपलीत तर शिट्टीच. कुत्र्यानंसुद्धा चावलेली चप्पल घालून टोपली फाटकाशी आणून टाकली, आणि चप्पल चिमटीचीच निघाली! कुत्र्याला कळलं, साहेब.

एकच टोपली यायची राहिलीय. आत्या अजून भाचीकडेच आहे. बेसिनात बोरू भिजत पडलाय, आणि भिजलेला बोरू फार थांबत नाही, कुजतो. मुख्याध्यापक रोज फाटकाशी येऊन रस्त्याकडे बघतात, बिनटायचे.

तुमच्याकडे आहे ती. तिच्यात काय घालून धाडताय? वर्ग चालू, की बंद? सांगा, साहेब. आणि डोळ्यांत बघून सांगा.