खांडीवर नेलेली रायफल

मी एक जुनी रायफल आहे. मित्रांनो, घाबरू नका, माझ्यातून आता गोळी सुटत नाही. माझ्या नळीला भोक पाडलं आहे, आतली पिन काढून टाकली आहे आणि दस्त्यावर पांढरा पट्टा रंगवला आहे. ही नुसती कवायतीची आहे, हे लांबूनही कळावं म्हणून. रोह्याला तुमच्या कॉलेजात, एन.सी.सी.च्या खोलीत मी साखळीत ओवलेली उभी असते.

गेल्या आठवड्यात तुमची वादविवाद स्पर्धा झाली. देशात, आपल्याच माणसांत काम करताना सैनिकाने हत्यार जवळ बाळगावं की नाही, असा विषय होता. शोभेसाठी मला टेबलावर आडवं ठेवलं होतं आणि शेजारी फुलदाणी. एका मुलीने ठासून सांगितलं की हत्याराशिवाय सैनिक म्हणजे गणवेशातला पाहुणा. निडीहून येणाऱ्या मुलाने सांगितलं की घरात येताना चपला बाहेर काढतात, मग बंदूक बाहेर का ठेवू नये? दोघांनाही टाळ्या पडल्या. दोघंही चांगलं बोलले. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, आणि ज्याचं जळलं होतं त्याच्याविषयी सांगू शकेल अशी तिथे मी एकटीच होते. म्हणून सांगते. लोखंडा-लाकडाला रडता येत नाही, तेव्हा जसं झालं तसंच सांगेन.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका सरकारी कारखान्यात झाला. नळी पोलादाची, दस्ता लाकडाचा, आणि खांद्यावर अडकवायला जाड कापडी पट्टा. पहिल्या दोन मालकांविषयी सांगण्यासारखं काही नाही. तिसरा कान्हू. पेणच्या खारेपाटातला, कासूच्या पश्चिमेला खाडीकाठी त्याचं गाव. घरी थोडी भाताची जमीन, आई काशीबाई आणि धाकटा भाऊ मोरू. कान्हू पलटणीत नाईक होता. बोलायला कमी, पण माझी निगा राखायला पक्का. जेवण्याआधी मला पुसायचा, मग हात धुवायचा. बाकीचे जवान त्याला चिडवायचे, की कान्हूचं लग्न झालंय, आता मुलगी बघायची गरज नाही.

त्याच्याबरोबर मी पूर्वेच्या डोंगरांत पुष्कळ वर्षं काढली. तिथे बाजारातल्या गर्दीतून गस्त घालावी लागे. एकदा अशाच गर्दीत कुणीतरी एका जवानाची रायफल हिसकावली आणि त्याच रायफलीने त्याला मारलं. त्यानंतर सुभेदार पुंडलिकांनी सगळ्यांना एकच शिकवण दिली. ते स्वतः मागून येऊन हळूच पट्ट्याला हात घालायचे, आणि ज्याने झटका देऊन रायफल मागे ओढली नाही त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. पट्ट्यावर परका हात पडला की विचार करायचा नाही, ओढायचं. कान्हू यात पहिला आला. पुढे पुढे तो झोपेत असला तरी माझ्या पट्ट्याला कुणी हात लावायची सोय नव्हती. हाताला वळण लागलं की ते जात नाही. सुभेदारांना त्याचं फार कौतुक होतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही होतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पलटण पूर्वेकडून परतली होती आणि पनवेलच्या अलीकडे तळ पडला होता. आश्विनातली अमावास्या आली. खाडीला मोठं उधाण आलं आणि कान्हूच्या गावचा बांध फुटला. मित्रांनो, तुमच्यातले खाडीकाठचे आहेत त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. खारेपाटात भातशेती आणि समुद्र यांच्यामध्ये एक मातीचा बांध असतो. त्याला भगदाड पडलं तर त्याला खांड म्हणतात. खांडीतून खारं पाणी आत आलं की उभं पीक तर जातंच, जमीनही पुढची काही वर्षं खारट होऊन बसते. खांड बांधायची ती ओहोटीच्या वेळी, दुपारची भरती यायच्या आत. भात तेव्हा कापणीला आलं होतं.

त्यातून घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. भातवाले म्हणाले, शेजारच्या गावच्या मिठागरवाल्यांनी पाणी घेण्यासाठी बांध कोरला. मिठागरवाले म्हणाले, भातवाल्यांनी दोन वर्षं बांधावर माती टाकली नाही. बोलाचाली झाली, मग काठ्या निघाल्या, कोयते निघाले, दोघांची डोकी फुटली. म्हणून जिल्ह्यातून लष्कराची मदत मागवली. काम दुहेरी होतं, खांड बांधायची आणि लोकांना आवरायचं.

आम्ही सकाळी पोचलो तेव्हा ओहोटी होती. बांधाच्या तोंडाशी शेंदूर फासलेला एक दगड आहे. दोन्ही गावांची माणसं त्याच्याजवळ येत होती, काठ्या-कोयते तिथे ठेवत होती आणि मोकळ्या हातांनी खांडीकडे जात होती. ही तिथली जुनी रीत. खांडीवर जाणाऱ्याच्या हातात चिखलाशिवाय काही असायचं नाही, आणि खांड बुजेपर्यंत भांडण दगडापाशी थांबायचं. आदल्या दिवशी एकमेकांची डोकी फोडणारी माणसं एका ओळीत उभी राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत होती.

गावचे म्हातारे गुणाजी आमच्या तुकडीच्या कॅप्टनसाहेबांकडे आले. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "सायब, आमी कोयतं खाली ठेवलं. तुमीबी तेवढं ठेवा. खांडीवं हत्यार नेत नाय आमी."

कॅप्टनसाहेब वाईट नव्हते. तरुण होते, आणि कालच्या मारामारीचे कागद त्यांच्या खिशात होते. त्यांनी समजावलं की हत्यार सोडायचा हुकूम नाही. सुभेदार पुंडलिकांनीही हळूच सुचवून पाहिलं, की सगळी हत्यारं ट्रकमध्ये ठेवू, दोन जणांचा पहारा लावू. साहेब म्हणाले, मारामारी पुन्हा झाली तर ट्रकपर्यंत धावायचं का? तेही खरंच होतं. शेवटी मधला मार्ग निघाला. बरेचसे जवान हत्यारं ठेवून चिखलात उतरतील आणि काही जण बांधावर हत्यारांसह उभे राहतील. खांडीच्या अगदी तोंडाशी कान्हूला उभं केलं. तो गावचा, कोण कुठला आहे हे त्याला ओळखता येईल म्हणून. गुणाजी माघारी गेले आणि ओळीत उभे राहिले.

मोरू खांडीच्या मुखाशी होता. बांबू रोवून, त्यामागे पेंढ्याचे भारे आणि चिखल दाबायचं काम त्याच्याकडे होतं, कारण त्याच्याइतकं चांगलं पोहणारं त्या गावात कुणी नव्हतं. भावाला बांधावर गणवेशात उभा बघून तो मध्येच हसायचा. एकदा त्याने खालून विचारलं, "दादा, तुला चिखल चालत नाय काय रं आता?" कान्हूने मान हलवली. पहाऱ्यावर बोलायचं नसतं. पण त्याच्या तळहाताला घाम आला होता, तो मला कळत होता. त्याला खाली उतरायचं होतं.

खांड जवळजवळ बुजली होती. माणूसभर रुंदीचं तोंड उरलं होतं तेव्हा भरती लागली. अरुंद वाटेतून पाणी जोरात आत घुसतं. एक बांबू उखडला आणि मोरूचे पाय सुटले. पाण्याने त्याला ओढत कान्हूच्या पायाखालून नेलं. मोरूने वर हात मारला. कान्हूने मला हातांत धरलं होतं आणि माझा पट्टा खाली लोंबत होता, तो त्याच्या मुठीत आला.

आणि कान्हूने झटका देऊन मला मागे ओढलं.

मित्रांनो, यात काही विचार नव्हता. त्याने भावाला पाहिलंही नसेल. त्याच्या हाताला जे कळत होतं तेच हाताने केलं. मोरूची मूठ चिखलाने माखलेली होती. ती पट्ट्यावरून निसटली. कान्हू मला तिथेच टाकून पाण्यात उडी मारायला वळला, तेव्हा पाणी रिकामं होतं. तरी त्याने उडी मारली. सुभेदारांनी आणि गुणाजींनी त्याला बाहेर ओढलं. मोरू मागाहून सापडला, आतल्या भातात, कुणाच्यातरी कापणीला आलेल्या लोंब्यांमध्ये.

त्यानंतर कॅप्टनसाहेबांनी सगळी हत्यारं ट्रकमध्ये ठेवायला सांगितली. दोन जणांचा पहारा लावला. नियम तोच होता, ट्रकही तोच होता. संध्याकाळच्या ओहोटीला झाडून सगळे जवान चिखलात उतरले आणि दोन्ही गावांनी मिळून खांड बुजवली. मारामारी झाली नाही. निम्मं भात गेलं.

दुसऱ्या दिवशी साहेब काशीबाईंना भेटायला घरी आले. कान्हू मला खांद्यावर घेऊन त्यांच्यामागे उभा होता. साहेबांना कुणीतरी सांगितलं होतं की पाण्यातून कोणीतरी कान्हूची रायफल धरली आणि त्याने ती जाऊ दिली नाही. कुणी धरली ते त्यांना माहीत नव्हतं. दिलासा द्यायचा म्हणून ते काशीबाईंना म्हणाले की एक मुलगा गेला हे फार वाईट झालं, पण दुसऱ्याने एवढ्या गडबडीतही हत्यार सांभाळलं, त्याचा अभिमान बाळगा. माझं कौतुक पुष्कळदा झालं आहे. त्या घरात झालं तसं नको होतं.

साहेब बाहेर गेले. काशीबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कोनी धरली व्हती रं बंदूक?"

कान्हूने लपवलं नाही. "मोरूनं, आये. मी वढून घेतली."

काशीबाई रडल्या नाहीत. कान्हूही नाही. शेजारणी आल्या, त्यांनी चूल पेटवली, भात टाकला, त्या दोघांपुढे ताटं ठेवली आणि त्या दोघांनी तो भात खाल्ला. जेवण झाल्यावर काशीबाई म्हणाल्या, "तुला तसंच शिकवलं आसंल, बाला. तुजा दोष नाय. पन इथं कोन चोर व्हता रं? इथं तुजीच मानसं व्हती."

एवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. कान्हूने नोकरी पुरी केली. मला तेल घालत राहिला, पुसत राहिला, पण जेवण्याआधी नाही, कधीतरी. निवृत्त झाल्यावर इथेच रोह्यात एका कंपनीच्या दारावर लागला, हे मी कवायतीची होऊन तुमच्या कॉलेजात आल्यावर ऐकलं. बंदूकवाल्या पहारेकऱ्याला जास्त पगार होता, तो त्याने घेतला नाही. तीन शिफ्टपैकी कुठलीही द्या, म्हणाला, पण हातात फक्त शिट्टी द्या. लोक म्हणायचे, एवढा फौजी माणूस आणि घाबरट निघाला. तो शिट्टी गळ्यात घालून कामावर जात राहिला. मोरूविषयी त्याला काही वाटतं का, असं कुणी विचारलं असतं तर त्याने बहुतेक सांगितलं असतं की काही वाटत नाही. ते खरंही असेल. ज्या जागी वाटायचं ती जागाच बधिर झाली असेल तर काय वाटणार?

मुलांनो, सरहद्दीवर मला न्या. तिथे माझं काम आहे, आणि त्याची मला लाज नाही. दंगल पेटली असेल, समोर हत्यारं असतील, तेव्हा काय करावं हे मोठ्यांनी ठरवावं, मी शहाणपण शिकवणार नाही. पण खांड बुजवायला, पुरातून म्हातारी माणसं काढायला, दरडीखालची माती उपसायला जवानाला पाठवाल, तेव्हा मला मागे ठेवा. आणि ते त्या जवानावर सोपवू नका. त्याला आपण वर्षानुवर्षं शिकवतो की पट्ट्यावर पडलेला हात शत्रूचा. गाडी बदलून गावी आला म्हणून त्याचा हात ते विसरत नाही.

माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. माझी काळजी सगळ्यांनीच घेतली. मला तेल घातलं, कुलपात ठेवलं, रोज मोजलं, आणि एका आईच्या घरात उभं राहून माझ्या सुखरूपतेचं कौतुक केलं. घ्यायचीच असेल तर ज्याच्या हातात मला देता त्याची घ्या, आणि आपल्याच माणसांत पाठवाल तेव्हा त्याचे दोन्ही हात मोकळे ठेवा.