काल्याच्या दिवशीचा सौदा

माळकऱ्याला कागद मागू नये, हे कुंताला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या रक्तातच होतं.

मूल गावच्या बाजारात ती मासळी विकायची. संध्याकाळी साबणानं तीनदा हात धुऊन विठ्ठलाच्या देवळात सर्वांच्या मागं बसायची. मृदंग वाजवणाऱ्या बापूजीनंच एकदा तिला हाक मारली होती, "कुंता, पुढं ये वं. देवाले काई वास येत नाई." त्या दिवसापासून त्या म्हाताऱ्याच्या शब्दापुढं तिला दुसरं काही मोठं वाटलं नाही.

बापूजीनं चंद्रपूर रस्त्यावरच्या आपल्या धानाच्या बांधीचे प्लॉट पाडले, तेव्हा कुंतानं पाटल्या मोडल्या. नवरा गेलेला, पोटी लेकरू नाही. डोक्यावरची टोपली उतरायच्या आत दोन खोल्या उभ्या करायच्या, कॉलेजातल्या मास्तरांना भाड्यानं द्यायच्या, आणि त्या भाड्यावर म्हातारपण काढायचं, एवढाच तिचा हिशेब. सप्त्याच्या शेवटी, काल्याच्या दिवशी, देवळातली गर्दी पांगल्यावर तिनं पैसे बापूजीच्या हातात ठेवले. त्यानं ते कपाळाला लावले, आपल्या ओंजळीतला दहीलाह्यांचा काला तिला दिला आणि म्हणाला, "झाला सौदा. रजिस्ट्री धान निघाल्यावर करू."

धान निघालं. पुढच्या साली पुन्हा निघालं. बापूजी विसराळू, आणि कुंता विचारीना.

"अवं, भजन वेगळं न् बयनामा वेगळा!" बाजूला सुकट विकणारी मीराबाई करवादायची. "तोंडात का लाडू कोंबला हाय तुह्या?"

"माळ घातलेल्या माणसाले कागद मागू? जीभ झडन माही."

"जीभ ऱ्हाईन, प्लॉट जाईन!"

अखेर पतसंस्थेच्या मॅनेजरनं सांगितलं, घर बांधायला कर्ज देतो, पण प्लॉट गहाण ठेवावा लागेल, रजिस्ट्री आणा. तेव्हा कुंता निघाली. आणि जाते तर काय, आठ दिवसांपूर्वीच बापूजीला लकवा मारलेला. वाचा गेली होती. मान मात्र एका लयीत इकडून तिकडे हलत होती, थांबतच नव्हती.

मुलगा कुलदीप वाईट नव्हता. त्यानं पाणी दिलं, ऐकून घेतलं. "पण बाई, बाबानं आमाले हे काईच सांगतलं नाई. कागद हाय का?"

"नाई."

"पैसे देतानी कोण पाह्यलं?"

"विठ्ठलानं."

कुलदीपनं सुस्कारा टाकला आणि बापाच्या खाटेशी वाकला. "बाबा, या बाईले प्लॉट देल्ला काय तुमी? हो म्हणा, मी आजच करून देतो."

बापूजीचे डोळे कुंतावर खिळले. ओठ वाकडे झाले, नरड्यातून घरघर निघाली, आणि मान आणखी जोरानं हलू लागली. या कानापासून त्या कानापर्यंत.

"पाहा," कुलदीप हळूच म्हणाला, "नाई म्हणून राह्यले."

कुंताला त्या डोळ्यांत सगळं दिसत होतं. म्हातारा हो म्हणण्यासाठी जिवाचं रान करत होता, आणि जितका झटत होता तितकं त्याचं "नाही" पक्कं होत होतं. चेहरा काळानिळा पडला. लाळ गळली. अंथरुणावर एक हात मासोळीसारखा तडफडला.

तिला पाहवेना. देवा, प्लॉट घे, पण याला सोडव, असं मनाशी म्हणत ती पुढं झाली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या, बापूजी. कुलदीपभाऊ, माहीच भूल झाली. मी बापूजीले पैसे देल्लेच नाईत. दुसऱ्या कोनाले देल्ले असन."

आता तो निवेल असं तिला वाटलं. पण बापूजीनं तोंड उघडलं, आणि त्या मुक्या देहातून असा हंबरडा फुटला की ओसरीवरची माणसं आत धावली.

कुंता पदर तोंडाशी धरून अंगणात आली, फाटकाबाहेर गेली, रस्त्याला लागली. तो आवाज थांबायची वाट पाहत ती चालत राहिली. राइसमिलपर्यंत तो थांबला नव्हता.